सहीचा अधिकार

सयाजीराव गायकवाड 1875 साली बडोद्याच्या गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते. कारभार प्रत्यक्ष त्यांच्या हाती आला 1881 च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी. मधल्या सहा वर्षांची गोष्ट बडोद्यातल्या मराठी घरांत सगळ्यांना पाठ असते: कवळाण्याहून आलेला शेतकऱ्याघरचा मुलगा, महाराणी जमनाबाईंनी घेतलेले दत्तक, एलियटसाहेबांची शिकवणी, दिवाण टी. माधवरावांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने. जयंतीच्या भाषणांत एवढेच येते आणि तरुणांनी आदर्श घ्यावा असे म्हणून भाषण संपते. मला मात्र त्या सहा वर्षांपेक्षा पुढची पंचवीस वर्षे जास्त मोलाची वाटतात.

1893 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते अमरेली तालुक्यापुरते. वय तिशीचे, संस्थानात त्यांचा शब्द म्हणजे कायदा. मनात आणले असते तर सगळ्या राज्यासाठी एकच हुकूम काढता आला असता आणि त्या हुकमाचे कौतुकही झाले असते. त्यांनी एक कोपरा निवडला. शिक्षक कुठून आणायचे, पेरणी-कापणीच्या दिवसांत पोरे शाळेत कशी टिकवायची, पोरगा शाळेत धाडला नाही तर बापाला दंड किती करायचा, हे प्रश्न कागदावर सुटणारे नव्हते. संपूर्ण संस्थानात सक्ती आली 1906 साली. म्हणजे तेरा वर्षे हा माणूस आपल्याच निर्णयाचे परिणाम बघत राहिला. तिशीतल्या सत्ताधीशाकडे एवढा धीर असणे ही त्याच्या घडणीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मी मानते, आणि भाषणांत नेमकी तीच गळते.

हे आता लिहायचे कारण म्हणजे ‘तरुण नेतृत्व’ या नावाखाली आपल्या शहरात जे चालले आहे ते मला पटत नाही. कॉलेजांत नेतृत्व विकासाच्या कार्यशाळा होतात. दोन दिवस, चहा-नाश्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. स्वतःला ओळखा, स्वप्न मोठे बघा, पाच वर्षांनी कुठे असाल ते लिहा. शिकवणारे मनापासून शिकवतात, मुलेही मनापासून ऐकतात. पण ज्या मुलाने आजवर कोणाच्याही वतीने एक रुपया खर्च केलेला नाही, ज्याच्या निर्णयामुळे दुसऱ्याचे काही बिघडलेले किंवा सुधारलेले नाही, त्याने स्वतःच्या आत डोकावून बघितले तर त्याला काय दिसणार? दिशा आधी सापडते आणि मग काम मिळते, ही समजूतच उलटी आहे. आधी हातात जबाबदारीचे काम पडते, ते अंगावर येते, आणि त्यातून माणसाला कळते की आपल्याला काय जमते, काय आवडते आणि कशासाठी भांडावेसे वाटते.

मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळते. वय चौतीस. हाताखालची निम्मी माणसे वयाने माझ्यापेक्षा मोठी आहेत. वाइंडिंगवरचे एक काका माझ्या जन्माच्या आधीपासून तांब्याची तार गुंडाळत आहेत. मला ‘बेन’ म्हणतात आणि पटले नाही तर तोंडावर सांगतात. अशा जागी नेतृत्व म्हणजे नेमके काय, हे एका सुपरवायझर मुलीच्या उदाहरणाने सांगते.

गाभा आणि कॉइल जोडून झाले की तो जॉब ओव्हनमध्ये जातो. कॉइलभोवतीच्या कागदात हवेतला ओलावा मुरलेला असतो. तो पुरता निघाला नाही आणि तसाच टाकीत बसवून तेल भरले, तर ट्रान्सफॉर्मर चाचणीत पास होईलही, पण पुढे एखाद्या गावच्या खांबावर जळेल. म्हणून ठराविक वेळाने मेगर हे मोजयंत्र लावून इन्सुलेशनचा, म्हणजे वीजरोधाचा, आकडा घेतात. जॉब तापू लागला की आकडा आधी पडतो, मग ओलावा निघेल तसा चढतो आणि शेवटी स्थिरावतो. स्थिरावला असे कधी म्हणायचे, हा निर्णय. पूर्वी तो मॅनेजर घेत. मी विभाग हाती घेतला तेव्हा तो शिफ्टच्या सुपरवायझरकडे सोपवला. जॉब कार्डावर तिची एकटीची सही. ती चोवीस वर्षांची, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेली.

जुलैची अखेर होती. ट्रक दारात, महिन्याची विक्री त्या मालावर अडलेली, आणि हिने सही केली नाही. आकडा अजून चढतो आहे, म्हणाली. आधी डिस्पॅचवाले तिच्याकडे आले, मग मार्केटिंगचा फोन, मग सगळे माझ्याकडे. मी म्हटले, सही तिची आहे, तिला विचारा. ट्रक दुसऱ्या दिवशी गेला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. कोणीही न सांगता तिने एका वहीत रोज शेडमधली दमटपणाची नोंद ठेवायला सुरुवात केली. पावसाळ्यात रात्रभर उघड्या रॅकवर राहिलेल्या कॉइलना ओव्हनमध्ये जास्त वेळ लागतो, हे तिला त्या वहीतून दिसले. रॅक झाकायला लावले. ओव्हनच्या दाराचे रबर गेले आहे म्हणून मेंटेनन्सच्या मागे लागली आणि बदलून घेतले. वर्षअखेरच्या फॉर्मवर ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता’ हा प्रश्न असतोच. आधी तिथे ती ‘मॅनेजर’ असे लिहीत असे. यावेळी लिहिले, इन्सुलेशनचे डिझाइन शिकायचे आहे. सही तिची नसती तर ही वही निघाली नसती, आणि वही निघाली नसती तर हे वाक्यही आले नसते.

करिअरची दिशा म्हणजे एका सरळ रेषेत पुढे जाणे, हा दुसरा गैरसमज. मी शिकले ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणजे जुने कलाभवन. सयाजीरावांनी ते 1890 साली काढले, प्रमुख म्हणून त्रिभुवनदास गज्जरांना आणले. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून बडोद्याला आला, इथे चित्रकला शिकला, फोटोग्राफी शिकला, छपाईच्या प्रक्रिया हाताखालून घातल्या. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. आजच्या एखाद्या करिअर सल्लागाराने हा बायोडेटा वाचला असता तर भरकटलेला माणूस म्हणून बाजूला ठेवला असता. 1913 साली भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट त्यांनी पडद्यावर आणला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती, आणि त्या चित्रपटाला रंग, प्रकाश, रसायने, यंत्रे असे जे जे लागले ते सगळे त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होते. विसाव्या वर्षी त्यांना कोणी पाच वर्षांची योजना विचारली असती तर सिनेमा हे उत्तर शक्यच नव्हते. तेव्हा सिनेमाच नव्हता. म्हणून मी तरुण मुलांना सांगते की जे हातात आहे ते मुळापासून शिका. पुढचे काम कोणत्या नावाने येईल हे आज कोणालाच ठाऊक नाही.

इथे तरुणांनाही एक सांगितले पाहिजे. वर्ष पुरे व्हायच्या आत नोकरी बदलणारे चांगले इंजिनियर मी पाहते. पगार वाढतो, हुद्दाही वाढतो. पण आपण सही केलेला माल वॉरंटीत परत आला, टाकी उघडली, तेल काळे पडलेले दिसले आणि जळक्या कागदाचा वास आला, हा प्रसंग त्यांच्या वाट्याला येतच नाही. तो येईपर्यंत ते तिसऱ्या गावी गेलेले असतात. निर्णय घेणे अर्धे शिक्षण. त्याचे फळ समोर ठेवून बसणे हे उरलेले अर्धे. ‘बडोद्यात काय ठेवलंय, पुण्याला का नाही गेलीस?’ हे मला दर दिवाळीला नातेवाईक विचारतात. पुण्याला जावे, कॅनडालाही जावे, त्यात गैर काही नाही. जाण्याआधी एका तरी कामाचा शेवट बघून जावे एवढेच माझे म्हणणे आहे.

अर्थात हे म्हणण्याचा हक्क सगळ्यांना नाही. धड पगार द्यायचा नाही, साधी कच्च्या मालाची ऑर्डर द्यायलाही मालकाच्या मुलाची सही लागणार, आणि वर ‘हल्लीची पोरं टिकत नाहीत’ अशी तक्रार करायची, हे जीआयडीसीत रोज ऐकू येते. तिथून पोरे गेली तर योग्यच केले.

आता आपल्या संस्थांकडे येते, कारण माझा मुख्य रोख तिकडे आहे. बडोद्यातल्या मराठी समाजाने उभ्या केलेल्या वाचनालयांनी, व्यायामशाळांनी, मंडळांनी आणि नाट्यसंस्थांनी परप्रांतात मराठी टिकवली. दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या गल्ल्यांत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला पुस्तके, नाटक, गणपती हे सगळे तिथेच मिळाले. ऋण मोठे आहे आणि म्हणूनच बोलते. यातल्या अनेक संस्थांत तरुणांना काय काम मिळते ते पाहा. खुर्च्या लावणे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे, फेसबुकवर फोटो टाकणे. मुलींना रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालन. गणपतीत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचे ते तरुणांनी, पण जमलेले पैसे कोणत्या खात्यात गेले, मांडववाल्याशी भाव कितीला ठरला, शिल्लक किती, हे विचारले की एखादे काका पाठीवर हात ठेवून म्हणतात, “तू चहापाण्याचं बघ गं, हिशेबाचं आम्ही बघतो.” काका प्रामाणिक असतात याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चाळीस वर्षे त्यांनी पै-पैचा हिशेब जपला आहे. प्रश्न त्यांच्यानंतरचा आहे.

आपली राज्यघटना एकवीस वर्षांच्या नागरिकाला महापालिकेची निवडणूक लढवू देते. म्हणजे बडोदा शहराच्या पाण्याचा, गटाराचा, कोट्यवधींच्या अंदाजपत्रकाचा निर्णय घेणाऱ्या सभेत एकवीस वर्षांची मुलगी नगरसेविका म्हणून बसू शकते. तीच मुलगी आपल्या गल्लीतल्या वाचनालयाची खजिनदार व्हायला मात्र लहान ठरते. या विसंगतीचे समर्थन मला आजवर कोणी पटेल असे करून दाखवलेले नाही.

संस्थेचा पैसा लोकांचा असतो, नवख्याच्या हाती कसा द्यायचा, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. सार्वजनिक न्यासाचे हिशेब तपासले जातात, चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात नोंद असते, बँकेत दोन सह्यांचे बंधन घालता येते. एक सही ज्येष्ठाची, एक तरुणाची, एवढ्याने जोखीम आटोक्यात राहते. खरा धोका उलट बाजूला आहे. विश्वस्त बदलला की ठरावीक मुदतीत त्याच कार्यालयाला तसे कळवणारा चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. अनेक ठिकाणी तो वर्षानुवर्षे दिलेलाच नसतो. नोंदीतले एकेक विश्वस्त देवाघरी जातात, शेवटी ज्यांच्या सहीने खाते चालते असे एकच आजोबा उरतात, ते आजारी पडले की वीजबिल भरणेही मुश्कील. जागेची कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत हे कोणाला माहीत नसते. अशा वेळी तरुणांना बोलावतात, आणि मग त्यांच्या हाती संस्था पडत नाही, नुसते कोर्टकज्जे पडतात. ते पळून गेले तर ‘तरुणांना आस्था नाही’ असा शिक्का बसतो.

तरुणांना संधी द्या म्हणताना कोणत्या तरुणांना, हेही विचारले पाहिजे. बडोद्याच्या इतिहासात याचे फार बोचरे उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. तो पाळायला ते 1917 साली बडोद्यात आले. सव्वीस वर्षांचे, त्या काळी या शहरात क्वचितच कोणाकडे असेल असे शिक्षण घेतलेले. त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली. ओळखीच्यांची दारे ठोठावून झाली, तिथेही आसरा मिळाला नाही, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सयाजीबागेतले संकल्पभूमी हे स्मारक त्याची खूण आहे.

हा जातीचा प्रश्न होता. त्याचा व्यवस्थापनशास्त्राचा धडा करणे हा अपमान ठरेल आणि मी तसे करणार नाही. पण आपल्या भाषणांत शिष्यवृत्तीचा उल्लेख अभिमानाने येतो आणि धर्मशाळेचा क्वचित येतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाराजांनी पद दिले होते. शहराने त्या पदावरच्या माणसाला उभे राहू दिले नाही. आज बडोद्यातल्या मराठी संस्थांच्या कार्यकारिणीतली आडनावे एकदा ओळीने वाचून बघावीत. मकरपुऱ्यात काम करणारी खानदेशातून आलेली कुटुंबे, वस्त्यांत राहणारे मराठी कामगार, दलित मराठी घरे ही सगळी बडोद्यातली मराठी माणसेच आहेत. त्यांची मुले गणपतीत ढोल वाजवायला येतात. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांतले किती बसतात? तरुण नेतृत्वाचा आग्रह धरताना जुन्या पदाधिकाऱ्यांचीच मुले-सुना पुढच्या रांगेत बसवली, तर काहीच बदलणार नाही.

सयाजीराव राजे होते, त्यांना कोणी काढून टाकणार नव्हते, तेरा वर्षे थांबायला त्यांचे काय जाते, असे एका सहकाऱ्याने मला सुनावले. मुद्दा खरा आहे. घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलीकडे ती चैन नाही. पण कोपरा निवडण्याची पद्धत कोणालाही घेता येते. आख्खी संस्था तरुणांच्या ताब्यात द्या असे मी म्हणतच नाही. एक गोष्ट द्या, पण पुरती द्या. वाचनालयाची वर्षाची पुस्तकखरेदी, बालनाट्य शिबिर किंवा व्यायामशाळेची डागडुजी. रक्कम ठरवून द्या, त्या रकमेपुरती सही त्यांची. मधेच येऊन भाव ठरवू नका, मधेच येऊन कंत्राटदार बदलू नका. तीन वर्षे तेच काम त्याच माणसांकडे ठेवा, म्हणजे पहिल्या वर्षी घेतलेली पुस्तके तिसऱ्या वर्षी कोणी वाचली का, हे त्यांनाच बघावे लागेल.

हे मिळवताना तरुणांनीही एक अट पाळायची आहे. वार्षिक सभेत उभे राहून हिशेब वाचायचा. इन्स्टाग्रामवर टाकलेला अहवाल हिशेबात धरायचा नाही, सभासदांसमोर, पावत्यांसकट. कोणी खोचक प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचे, माहिती नसेल तर पुढच्या सभेपर्यंत आणून द्यायची. आमच्या वाइंडिंगच्या काकांसारखी माणसे प्रत्येक संस्थेत असतात, पटले नाही तर तोंडावर सांगणारी. त्यांना टाळून पुढे जाण्याचा मार्ग शोधू नये. त्यांनी काढलेली चूक बरोबर असते, निदान निम्म्या वेळा, आणि उरलेल्या निम्म्या वेळा आपले म्हणणे शांतपणे मांडायची सवय लागते.

बहुतेक संस्थांचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि त्यानंतर वार्षिक सभांचे दिवस येतात. यंदाच्या विषयपत्रिकेवर दोन ठराव घ्यायला काहीच अडचण नाही. पहिला, पस्तिशीच्या आतल्या किमान दोन सभासदांना विश्वस्त मंडळात घेऊन मुदतीत चेंज रिपोर्ट दाखल करणे. दुसरा, बँकेतल्या सह्यांत त्यांतल्या एकाचे नाव घालणे. ठरावाची प्रत, ओळखपत्रे, फोटो आणि सहीचा नमुना घेऊन बँकेत जावे लागेल. काका आणि ती मुलगी, दोघांनीही एकत्रच जावे. कपाटाच्या किल्ल्या आणि जुनी पासबुके कुठे आहेत ते वाटेत सांगून होईल.